आठवण ठेवण्याचे कामही मुलांकडे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल लागोपाठ येतात आणि नाशिकच्या घराघरांत पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे कटऑफ तोंडपाठ होतात. कॉम्प्युटरला गेल्या वर्षी किती लागले होते, हे आजीसुद्धा सांगते. त्याच घरातल्या १७ वर्षांच्या मुलाला विचारा, की तुझ्या आधारला मोबाइल नंबर कोणाचा जोडला आहे? तो आईकडे बघतो. पुढची चार वर्षे आई तिथे नसणार, याची तयारी मात्र बहुतेक घरांत शेवटच्या पंधरवड्यात, शालिमार-मेन रोडवर गादी-उशी-बादली घेताना सुरू होते.

वसतिगृहे, प्रवेशाची कागदपत्रे आणि नव्याने घराबाहेर पडलेली मुले यांच्याशी आमचा कायमचा संबंध येतो. मुलांना काहीच येत नाही, ही तक्रार आम्हाला पटत नाही. आजच्या मुलांना बरेच येते. वीजबिल भर म्हटले की दोन मिनिटांत मोबाइलवरून भरतात. अडते ते दुसरीकडेच. बिल आले आहे, मुदत परवा संपते, हे आईने सांगावे लागते. काम मुलाकडे आणि कामाची आठवण आईकडे, अशी ही वाटणी आहे. वसतिगृहात दूध संपले, सिलिंडर हलका झाला, दाखल्याची मुदत संपत आली हे सांगायला कोणी नसते आणि एरवी हुशार असलेला मुलगा तिथे कोलमडतो. म्हणून पालकांना आमचे सांगणे असे, की नववी-दहावीपासून मुलाकडे एकेक काम अख्खे सोपवा. त्या कामाची आठवण, हिशोब आणि विसरल्याचा भुर्दंड, सगळे त्याचे.

सुरुवातीला वीजबिलाइतके चांगले काम नाही. महावितरणच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, बिलिंग युनिट असते, मागचे आणि चालू रीडिंग असते. लवकर भरले तर किती, मुदतीत भरले तर किती आणि मुदत टळल्यावर किती, हे आकडेही वेगवेगळे छापलेले असतात. पहिल्या महिन्यात मुलाला मीटरपाशी नेऊन रीडिंग बिलाशी ताडून दाखवा. त्यानंतर तीन महिने एक अक्षर बोलू नका. मुदत टळली तर वाढीव रक्कम त्याच्या खर्चाच्या पैशातून जाऊ द्या. रक्कम किरकोळ असते, पण खिशाला लागलेली गोष्ट लक्षात राहते. पालकांना जड जाते ते हे गप्प बसणेच. मुदतीच्या आदल्या दिवशी ‘सहज’ विचारलेत, की तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रयोग कुठे करायचा नाही, तेही सांगतो. कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, मिळालेली जागा स्वीकारण्याची मुदत, परीक्षेचा फॉर्म, चालू असलेली औषधे आणि गॅसची गळती. या ठिकाणी विसरण्याची किंमत मुलाला परवडणारी नसते. तिथे पालकांनी खुशाल मागे लागावे. बाकी दूधवाल्याचा हिशोब, सिलिंडरचे बुकिंग, घंटागाडीची वेळ आणि ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे, यातले काहीही चालेल. एका वेळी एकच काम द्या. चार कामे एकदम दिली की चारही तुमच्याकडे परत येतात.

आता कागदपत्रे. प्रवेशाच्या वेळी सर्वाधिक पळापळ इथे होते आणि जवळजवळ सगळी टाळता येण्यासारखी असते. मूल १५ वर्षांचे झाले की आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. १५ ते १७ या वयात ती मोफत होते. लहानपणचे ठसे तसेच राहिले की ऐन पडताळणीच्या वेळी यंत्र बोट ओळखत नाही. आधारला वडिलांचा नंबर असेल, तर मुलगा पुण्यात काउंटरवर उभा आणि ओटीपी साताऱ्याला बैठकीत बसलेल्या वडिलांच्या खिशात, असा प्रकार होतो. मुलाकडे कायम राहील असा नंबर आधार केंद्रावर जाऊन नोंदवून घ्या. या कामाला मुलाने स्वतः जावे, ते चांगलेच.

नावाचे लिखाण हा दुसरा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर वेगळाच क्रम, पॅनवर कुठे वडिलांचे नाव गाळलेले, बँकेत फक्त आद्याक्षरे. एका कोऱ्या कागदावर मुलाला प्रत्येक कागदावरचे नाव इंग्रजी स्पेलिंगसह जसेच्या तसे एकाखाली एक लिहायला सांगा. फरक त्यालाच दिसेल. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घेणे सोपे जाते. उलटे करायला गेलात तर बोर्डाच्या फेऱ्या वाढतात.

आरक्षणातून प्रवेश घेणाऱ्यांच्या घरी ही फाइल आणखी जाड असते. जातीचा दाखला एकदा निघतो, पण नॉन क्रिमिलेअरला (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याला) मुदत असते आणि ती ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी काढलेला दाखला ‘आहे की आपल्याकडे’ म्हणून कपाटात राहतो आणि जूनमध्ये कळते की तो मार्चमध्येच मेला. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच, कॉलेजमार्फत पुढे सरकवावा. त्यासाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे. म्हणजे प्रश्न येतो आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. आजोबा शिकले सिन्नरला, निफाडला किंवा पार कळवणला. ती शाळा कोणती, हे मुलाने आजोबांनाच विचारावे आणि दाखल्याचा अर्ज स्वतः लिहावा. सोबत मोठ्यांनी जावे, पण खिडकीपाशी बोलायचे मुलाने. खिडकीपलीकडचा माणूस ‘वडिलांना पाठव’ म्हणाला, तरी आणखी काय लागेल ते विचारून, लिहून घेऊन मगच मागे फिरायचे.

महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीत दरवर्षी तोच गोंधळ. अर्जात कोणते खाते लिहिले यावर मुले भांडतात, पण पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते. कॉलेजशेजारच्या शाखेत नवे खाते उघडताना आधार जोडणीच्या चौकटीत खूण केली, की जोडणी तिकडे सरकते. पैसे आलेच नाहीत म्हणून ओरड होते आणि ते पडलेले असतात दुसऱ्याच खात्यात. जोडलेले खातेच बंद पडले असेल तर तेही नाही. जोडणी कुठल्या बँकेत आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज भरण्याआधी पाहावे.

१८ वा वाढदिवस झाला की आणखी तीन कामे निघतात. अल्पवयीन म्हणून काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ती घालून कार्ड नव्याने घ्यायचे. बँकेत नवी सही आणि केवायसी द्यायची, नाहीतर बँक व्यवहार थांबवते. मतदार यादीसाठी नमुना ६ भरायचा. त्याचा आगाऊ अर्ज १७ पूर्ण झाल्यावरही करता येतो आणि वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा असतात. वाढदिवसाच्या आठवड्यात मुलाने ही कामे आपल्या वहीत लिहिली, तर तुम्हाला काही सांगावे लागणार नाही.

पैशाचे शिक्षण अलीकडे फोनने बिघडवले आहे. ‘पप्पा, ५०० टाका’ म्हटले की ५०० येतात. यात मुलगा उधळ्या होतो असे नाही, पण त्याला महिना दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या परिपत्रकानुसार १० वर्षांवरील मूल स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू शकते. मर्यादा बँक ठरवते. तेव्हा अकरावीत खाते असावे आणि त्यात ठरलेल्या दिवशी एकरकमी पैसे यावेत. पहिले तीन महिने आठवड्याचे, मग पंधरवड्याचे, मग महिन्याचे. आणि त्या रकमेत फक्त वडापाव धरू नका. रिचार्ज, सिटीलिंक बसचा पास, झेरॉक्स, केस कापणे, मित्राच्या वाढदिवसाची वर्गणी, एखादा शर्ट, सगळे धरा. पैसे २० तारखेला संपले तर संपू द्या. घरात जेवायला आहेच. हे २० तारखेचे संपणे नाशिकमध्ये झालेले बरे, कारण पुण्यात ते झाले की आधी मेस सुटते आणि मग उधारी सुरू होते.

एका फसवणुकीबद्दल पालक बोलतच नाहीत. कॉलेजच्या मुलांना कोणीतरी भेटते आणि सांगते, तुझे खाते, एटीएम आणि सिम महिनाभर वापरायला दे, तुला काही हजार मिळतील. मुलाला वाटते, आपले पैसे तर जात नाहीत! त्या खात्यातून दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे फिरतात, खाते गोठते आणि पोलिसांची नोटीस खातेदाराला येते. सिम वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांनाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, फोनवरून कोणालाही ‘डिजिटल अटक’ करता येत नाही, आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. एवढे मुलांना माहीत असते. खाते भाड्याने देणे हा गुन्हेगाराला हातभार आहे, हे बहुतेकांना माहीत नसते.

स्वयंपाकाच्या बाबतीत आमची अपेक्षा माफक आहे. पोळी गोल नको, कुकर मात्र यायलाच हवा, म्हणजे तो बिघडला तर का बिघडला हेही कळायला हवे. दोन जणांचा अंदाज असा. एका भांड्यात एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी. दुसऱ्यात अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि दोन थेंब तेल. तेलामुळे डाळ फसफसून वर येत नाही. कुकरच्या तळाला दीड-दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, वर भांडी. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटे बारीक, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्यायची. झाकण ओढून उघडणे आणि शिट्टी चमच्याने उचलून धरणे, दोन्ही भाजण्याची कामे. आता बिघाड. शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते, म्हणजे रिंग सैल पडली आहे किंवा नीट बसलेली नाही. कडेनेही वाफ जात नाही आणि शिट्टीही नाही, तर गॅस लगेच बंद करा. शिट्टीखालच्या नळीत डाळ अडकलेली असते. म्हणून कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते का ते पाहायचे, ही सवय लागली की अर्धे अपघात टळतात. आणि तळाचे पाणी आटून गेले तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तो बदलायचा असतो, त्यात काहीबाही कोंबून काम चालवायचे नसते. डाळ थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नका.

बाजार एक-दोनदा करून दाखवला तरी पुरतो. भद्रकालीत किंवा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात मुलाला पैसे देऊन एकट्याने पाठवा, तुम्ही चहाला थांबा. एका माणसासाठी पाव किलो भेंडी पुरते आणि जुडीतली अर्धी मेथी फेकली जाते, हे त्याशिवाय कळत नाही.

वसतिगृहातली खरी धोक्याची गोष्ट वीज आहे. इंडक्शनची शेगडी साधारण २००० वॅटची असते. २३० व्होल्टला ती पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. भिंतीवरचा लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा. शेगडीचा मोठा पिन त्यात बसत नाही, म्हणून मुले बाजारात मिळणारा जोडपिन लावतात किंवा चार जणांचे चार्जर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी चालवतात. बोर्ड मऊ होतो, मग काळा पडतो, मग जळतो. जाड पिनाच्या उपकरणाला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. खोलीत तो नसेल तर शेगडी नेऊच नका. पाणी तापवायच्या रॉडचे नियम तर घोकून घ्यावेत. रॉड आधी पाण्यात, मग बटण. पाणी तापले का ते पाहण्यासाठी बोट बुडवण्याआधी बटण बंद आणि पिन बाहेर. प्लास्टिकची बादली, कोरडी जमीन, पायात चप्पल. आणि बटण चालू ठेवून मोबाइलवर बोलायला बाहेर जायचे नाही.

आजारपणात मुले दोन चुका करतात. तापाला पॅरासिटामॉल घेतात आणि वर सर्दीची गोळी घेतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, म्हणजे मात्रा दुप्पट. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचायची सवय घरीच लावा. दुसरी चूक जुलाबात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ते मुले ग्लासभर पाण्यात ओततात. पाकिटावर लिहिलेले पाणी मोजून घ्यायचे, २४ तासांनी उरलेले फेकायचे. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका धरून आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन टाळायचे आणि ताप दोन दिवसांत हटला नाही तर डॉक्टर गाठायचा. डॉक्टरकडे तुम्ही सोबत जा, पण कधीपासून, किती ताप, काय घेतले हे मुलाने सांगावे. बहुतेक दवाखान्यांत १७ वर्षांच्या मुलाचे दुखणे आईच सांगत असते. मन दुखत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२, अॅम्ब्युलन्सला १०८, बाकी सगळ्याला ११२. हे फोनमध्ये असून भागत नाही, चार्जिंग संपल्यावर उपयोगी पडतील असे वहीतही हवेत. घरचा एक नंबर पाठ हवा. किती मुलांना आईचा नंबर पाठ नसतो, विचारून बघा.

खोली भाड्याने घेताना १८ पूर्ण नसलेल्या मुलाची सही चालत नाही, करार पालकानेच करायचा. तरी करार मुलाने वाचलेला असावा. महाराष्ट्रात तो ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो आणि नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. ‘नोटरी पुरे’ असे सांगणारे एजंट बरेच भेटतात. अनामत किती, कधी परत, सोडायची सूचना किती दिवस आधी, वीज कोणाकडे, हे चार मुद्दे कागदावर हवेत. ताबा घेतानाच खोलीचे, नळांचे, भिंतीवरच्या ओलीचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवावेत. अनामत परत घेताना भांडायची वेळ आली तर तारीख असलेला तोच पुरावा.

गाडीबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. १६ ते १८ या वयात ५० सीसीपर्यंतची बिनगिअरचीच गाडी चालवता येते. कॉलेज रोडला क्लासबाहेर उभ्या असतात त्या ११० सीसीच्या. अल्पवयीन मुलगा सापडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही, असे २०१९ पासून कायदा सांगतो. क्लासला उशीर होतो हे कारण त्यापुढे फारच दुबळे आहे. १८ झाले की शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. कॉलेज सुरू व्हायच्या आत हे नाशिकमध्येच उरकते.

मुलगा आणि मुलगी यांच्या तयारीत आमच्या घरांत अजून फरक आहे. मुलाला कुकर येत नाही आणि मुलीला बँकेची खिडकी माहीत नसते. मुलगी नाशिकच्या द्वारका चौकातून रात्रीची बस एकटीने धरत नाही, कारण वडील सोडायला जातात. त्यांनी दोन-तीनदा नुसते मागे उभे राहावे. बस शोधणे, तिकीट, बस बदलली तर कंडक्टरला विचारणे, सगळे तिने करावे.

आणि निघण्याच्या दोन-तीन महिने आधी पालकांनी चार दिवस गावाला जावे, मुलांना घरी ठेवून. फ्रीजमध्ये डबे भरून ठेवू नयेत. शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, पण लक्ष ठेवायला सांगू नये. फोन दिवसातून एकदा, रात्री, ठरलेल्या वेळी. परत आल्यावर घर आवरलेले आहे का, याला महत्त्व नाही. पाणी भरले होते का, कचरा घंटागाडीत गेला का, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद होत होता का, दुधाचे पैसे दिले का, एवढे पाहा. जे राहिले असेल, तेच पुढच्या दोन महिन्यांचे काम.

आपल्याला एक विनंती. जून-जुलैत आपण प्रवेशाची पुरवणी काढता. त्यात कटऑफच्या तक्त्याशेजारी एक चौकट द्यावी. नॉन क्रिमिलेअरची मुदत, आधारची १५ वर्षांची नोंद, शिष्यवृत्तीच्या खात्याची जोडणी, १८ नंतरची कामे, एवढेच त्यात असावे. मात्र ती मुलांना उद्देशून छापावी. ‘पालकांनो’ अशी सुरुवात केलीत, तर आई ती कात्रीने कापून फायलीत लावेल आणि मुलाला पत्ताही लागणार नाही.

आपले,
प्रवेश आणि वसतिगृहांच्या कामाशी संबंधित काही वाचक,
नाशिक